शतकोटीची बाकी

हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे नर्सी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान मानले जाते, आणि वाल्मीकींच्या शतकोटी रामायणाप्रमाणे आपणही विठ्ठलाचे शतकोटी अभंग रचू, हा त्यांचा पण वारकरी संप्रदायात सर्वश्रुत आहे. शतकोटी म्हणजे एकावर नऊ शून्ये; भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) स्थानांची जी नावे क्रमाने येतात, त्यांत हीच संख्या ‘अब्ज’ म्हणून येते. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात पहिल्या दिवसापासून रचना केली तरी रोज सुमारे चौतीस हजार अभंग पडतात, आणि छापील गाथांत नामदेवांच्या नावावर दोन-अडीच हजारच आढळतात. तेव्हा हा आकडा मोजदादीचा नव्हे, हे उघड आहे. तरीही तो केवळ ‘पुष्कळ’ या अर्थाने आला, असे म्हणणे घाईचे ठरेल.

शतकोटी रामायणाच्या वाटणीची कथा कीर्तनकार सांगतात, ती या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. देव, दानव आणि मानव या तिघांत शंकराने श्लोक वाटले: प्रत्येकी तेहतीस कोटी देऊन एक कोटी उरले, त्यांतून प्रत्येकी तेहतीस लाख देऊन एक लाख, मग तेहतीस हजार देऊन एक हजार, आणि शेवटी तीनशे तेहतीस देऊन एकच श्लोक उरला. अनुष्टुभ छंदातील त्या श्लोकाची बत्तीस अक्षरे दहा-दहा वाटल्यावर जी दोन उरली, ती ‘राम’ ही अक्षरे शंकराने स्वतःकडे ठेवली. या कथेचा सारा डोलारा एका गुणधर्मावर उभा आहे: दहा म्हणजे नऊ अधिक एक असल्याने दहाच्या कोणत्याही घाताला, म्हणजे दहाला दहाने कितीही वेळा गुणून आलेल्या संख्येला, तिनाने भागले असता बाकी एकच राहते. जपमाळेतील १०८ ही संख्या पवित्र खरी, परंतु १०८ कोटी श्लोक तिघांत निःशेष वाटले गेले असते आणि शंकराच्या हाती काहीच उरले नसते.

शतकोटीचे मूळ अवयव दोन आणि पाच एवढेच, प्रत्येकी नऊ वेळा; त्यामुळे तिचे विभाजक बरोबर शंभर भरतात, हा योगायोग कथाकारांच्या ध्यानी आलेला दिसत नाही. नामदेवांच्या घरातील चौदा माणसे आणि पंधरावी जनाबाई, अशा सर्वांनी मिळून पणाचा भार उचलला असे परंपरा सांगते; पण पंधरा समान वाटे केले तर प्रत्येकी ६,६६,६६,६६६ अभंग येऊन दहा उरतात, आणि जनाबाईला वगळून चौदा केले तरी सात हा अवयव आडवा येतो. परंपरेने समान वाटणीचा आग्रह धरलाच नाही. नामदेव स्वप्नात पांडुरंगासह येऊन शतकोटीचे प्रमाण सांगून गेले आणि उरलेले अभंग रचण्याचे काम आपल्याकडे आले, असे तुकारामांनी सतराव्या शतकात अभंगातच नोंदवले आहे.