गहाण पडलेली भूमी

धर्मग्रामाचा इतिहास सांगावयाचा तर ज्या मार्गाने सुवार्ता वऱ्हाडात फिरली, त्या मार्गाचाही इतिहास सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

1853 साली निजामाने कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रज कंपनीच्या हवाली केला. 1902 साली लॉर्ड कर्झन ह्यांनी सालीना 25 लक्ष रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला. देणेघेणे दोन दरबारांचे. गहाण पडली ती रयत. तिला कोणी पुसले नाही.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) मँचेस्टरच्या गिरण्यांस कापूस मिळेना, तेव्हा त्यांची दृष्टी ह्या काळ्या जमिनीकडे वळली. 1867 साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला. पुढे यवतमाळ व अचलपूर येथून अरुंद रूळ मूर्तिजापुरास येऊन मिळाले. ज्वारीच्या रानांत कापूस शिरला. रोख पैसा आला, त्यामागून सावकाराची वहीही आली. 1899–1900 च्या दुष्काळात कापूस खाऊन कोणाचे पोट भरणार होते?

मिशनऱ्यांनीही त्याच लोहमार्गाने प्रवास केला. त्यांची सेवा आम्ही कृतज्ञतेने स्मरतो. परंतु जित लोकांचे स्वातंत्र्य व मालमत्ता, ते ख्रिस्ती नसले तरी, हिरावू नये, असे परमगुरू तिसरे पॉल ह्यांनी 1537 सालीच बजावले होते. साम्राज्याच्या छायेत तो शब्द आमच्या मुखातून क्षीणच निघाला, हे कबूल केले पाहिजे.

लेवीय ग्रंथाच्या 25 व्या अध्यायाप्रमाणे योबेल वर्षी विकलेली भूमी मूळ धन्यास परत मिळते. आमच्या जुबिलीत केवळ दिवे लागले आणि शेजारचा शेतकरी कर्जातच राहिला, तर आम्ही जुबिली साजरी केली असे म्हणवणार नाही.