वाकोला नाला : साष्टीतील एका गावाची पाणवाट आणि तिच्यावर उभे राहिलेले शहर

१/ सांताक्रूझ पूर्वेकडून वाहत येऊन वांद्रे-कुर्ला संकुलाच्या परिसरात मिठी नदीला मिळणाऱ्या प्रवाहाला आज 'वाकोला नाला' म्हणतात. पालिकेच्या लेखी तो पावसाचे पाणी वाहून नेणारा मार्ग आहे आणि काठच्या रहिवाशांच्या लेखी दुर्गंधीची कटकट. इतिहासाच्या अंगाने पाहिले तर या परिसरातील कोणत्याही चर्चपेक्षा, घरापेक्षा किंवा रस्त्यापेक्षा तो जुना आहे. वारसा, निसर्ग आणि विकास यांचा मेळ शहरात कसा बिघडतो, हे या प्रवाहाकडे पाहून समजते. या धाग्यात त्याची कथा.

२/ वाकोला मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी कोणत्याही बेटावर नाही. ते साष्टीत, म्हणजे मुंबईच्या उत्तरेकडील स्वतंत्र बेटावर आहे. सहासष्ट गावांचा प्रदेश म्हणून 'साष्टी' असे नाव पडल्याचे मानले जाते. महसुली दप्तरात वाकोला आणि कलिना हे दोन्ही भाग 'कोलेकल्याण' या गावात येतात. हे नाव आज बोलण्यात फारसे उरले नाही. जमिनीच्या कागदपत्रांत मात्र टिकून आहे.

३/ १५३४ च्या तहाने साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. १६६५ मध्ये मुंबई बेट इंग्रजांच्या हाती आले आणि माहीमची खाडी व मिठीचे पात्र ही दोन सत्तांची सीमा झाली. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली. त्याच वर्षाचा कोरीव लेख धारावीच्या काळ्या किल्ल्यावर आजही दिसतो. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली.

४/ या उलथापालथीत गाव मात्र जागच्या जागी राहिले. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या कोळी, कुणबी, भंडारी अशा स्थानिक समाजांच्या वंशजांनी १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले. त्यांची घरची बोली मराठीच होती. कलिन्याचे चर्च सतराव्या शतकाच्या प्रारंभीचे आहे. उपनगरांतील गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी दिसणारे अनेक क्रूस प्लेगच्या साथीच्या आठवणी सांगतात.

५/ खाडीकाठच्या अशा गावांची ठेवण साधारण सारखी असे. घरे उंचवट्यावर. त्याखाली भातशेती. त्याहून खाली खाजण, म्हणजे भरतीचे खारे पाणी जिथवर येते ती सखल जमीन. तिच्या कडेला तिवरांची झाडी. बांध घालून आणि उघाडीच्या दारांनी खारे पाणी अडवून काही खाजण लागवडीखाली आणले जाई. उरलेले पाण्यासाठी मोकळे राही. मासे, मीठ, सरपण आणि भात हे सारे याच उतारावर मिळत असे.

६/ ही ठेवण निव्वळ परंपरा नव्हती. तिच्यामागे भरती-ओहोटीचे गणित होते. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी प्रवाहाच्या मुखापेक्षा वर जाते आणि पावसाचे पाणी बाहेर पडू शकत नाही. ओहोटी पूर्ण व्हायला साधारण सहा तास लागतात. तोवर पाण्याला थांबायला जागा हवी. ती जागा म्हणजे खाजण. नकाशावर 'पडीक' दिसणारी ही जमीन पाण्याला आवश्यक ती उसंत देत होती.

७/ मुंबईला साष्टीशी जोडण्यासाठी शीवचा बांध १८०५ पर्यंत पूर्ण झाला. माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा बांध १८४५ मध्ये खुला झाला. त्यासाठी अवाबाई जमशेटजी जिजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले. खाडी ओलांडताना बुडणाऱ्या माणसांचे जीव या बांधांनी वाचले. त्याच वेळी जिथे समुद्राचे पाणी मोकळेपणी आत-बाहेर होत असे, त्या तोंडावर पहिल्यांदा भराव पडला.

८/ पुढे नदीच्या उगमाकडे शहराचे लक्ष गेले. १८५० च्या दशकातील पाणीटंचाईनंतर मिठीच्या वरच्या अंगाला धरण बांधून विहार तलाव करण्यात आला आणि १८६० मध्ये त्याचे पाणी मुंबईला मिळू लागले. १८९० च्या सुमारास पवई तलावाची भर पडली. आता मिठीला पावसाळ्यात तलाव भरून वाहिल्यावर येणारे पाणी मिळे. उरलेल्या वर्षात तिच्या पात्रात मुख्यतः वस्त्या आणि कारखाने सोडतील तेच वाहू लागले.

९/ वाकोल्यासारख्या गावांवर एका रेषेचाही खोल परिणाम झाला. ही रेषा म्हणजे गावठाणाची हद्द. महसूल मोजणीत राहत्या घरांची जागा 'गावठाण' म्हणून वेगळी धरली जाई. आजही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार ही हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे आहे. रेषेच्या आत घरे आणि गल्ल्या आल्या. भातशेती, तळी, खाजण आणि नाला बाहेर राहिले. गाव टिकवणाऱ्या व्यवस्थेचा मोठा भाग असा 'गाव' या व्याख्येबाहेर गेला.

१०/ रेषेबाहेरची जमीन मोकळी आहे, असे मानून पुढची शतकभराची कामे झाली. १९२८ मध्ये अंधेरी ते ट्रॉम्बे रेल्वेमार्ग सुरू झाला आणि त्यावर कोलेकल्याण नावाचे स्थानकही होते. १९३४ मध्ये हा मार्ग बंद पडला. त्याची खूण एका रस्त्याच्या नावात आहे. कलिन्याच्या 'सी.एस.टी. रोड'चा बोरीबंदरच्या स्थानकाशी संबंध नाही. ती अक्षरे 'सेंट्रल साल्सेट ट्रामवे'ची आहेत.

११/ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी उपयोगात असलेला सांताक्रूझचा विमानतळ पुढे नागरी वाहतुकीचा झाला आणि त्याच्या विस्तारात मिठीचे पात्र वळवले गेले, आक्रसले. १९५० मध्ये हा भाग बृहन्मुंबईत आला. मुंबई विद्यापीठाचे दोनशेहून अधिक एकरांचे विद्यानगरी संकुल कलिन्यात उभे राहिले. पश्चिम द्रुतगती महामार्ग वाकोल्याच्या अंगावरून गेला.

१२/ सर्वांत मोठा बदल १९७७ नंतरचा. दक्षिण मुंबईतील कार्यालयांची गर्दी कमी करण्यासाठी वांद्रे-कुर्ला परिसरात नवे व्यापारी केंद्र उभारायचे ठरले आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. निवडलेली सुमारे ३७० हेक्टर जमीन मिठी नदी, वाकोला नाला आणि माहीमची खाडी यांच्या काठची सखल जमीन होती. म्हणजे नेमके खाजण. तेथे भराव टाकला गेला आणि प्रवाह आखलेल्या पात्रांत बांधले गेले.

१३/ या निर्णयाकडे केवळ दोष देण्याच्या भूमिकेतून पाहणे अपुरे ठरेल. शहराच्या दक्षिण टोकावरचा ताण खरा होता. या संकुलाने लाखो उपनगरवासीयांना तुलनेने जवळ काम दिले. नियोजनकारांनी पाण्याचा विचारच केला नाही, असेही नाही. पाणी वाहून नेण्यासाठी पात्रे आखली गेली. मात्र पाणी वाहणे आणि पाणी थांबणे या दोन वेगळ्या गरजा आहेत. आखलेल्या पात्रांनी पहिली गरज काही अंशी भागवली. दुसरीसाठी जागा उरली नाही.

१४/ दरम्यान नाल्याच्या काठी वस्त्या वाढल्या. शहराला हातांची गरज होती, परवडणारी घरे मात्र शहराने बांधली नाहीत. म्हणून ज्या जमिनीवर इतर कोणी हक्क सांगत नव्हते तिथे माणसे राहिली. पूर आला की 'अतिक्रमण' हा शब्द प्रथम यांच्यासाठी वापरला जातो. विमानतळ, रस्ते आणि कार्यालये यांसाठी शासकीय मंजुरीने झालेला भराव मात्र या शब्दाच्या कक्षेत क्वचितच येतो.

१५/ धोक्याची जाणीव अगोदरच होती. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, तेही ओहोटीच्या वेळी, आखलेल्या होत्या. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याची शिफारस केली. बारा वर्षे उलटली तरी त्यातील बरेचसे काम कागदावरच होते.

१६/ २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसाची सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली. कुलाब्यात त्याच काळात सुमारे ७३ मिलिमीटर पडला. सांताक्रूझचा आकडा चोवीस तासांत समान वाटला तरी ताशी ३९ मिलिमीटर होतो. प्रत्यक्षात बराचसा पाऊस दुपारनंतरच्या काही तासांत आणि भरतीच्या वेळी कोसळला. कुर्ला, कलिना, वाकोला पाण्याखाली गेले. मुंबईत शेकडो माणसे दगावली. थांबायला खाजण न मिळालेले पाणी घरांत थांबले.

१७/ शासनाने माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली आणि मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. पात्र रुंद आणि खोल करणे, काठाला भिंती बांधणे ही कामे सुरू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून कांदळवनांच्या तोडीवर निर्बंध आणले आणि २०१८ च्या निकालात राज्यातील कांदळवनांना मालकी कोणाचीही असली तरी संरक्षण दिले.

१८/ वारशाचे दप्तर मात्र वेगळेच राहिले. बृहन्मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची. खोताची वाडी, माथारपाखाडी यांना तिचे संरक्षण मिळाले. २०१२ मध्ये यादी वाढवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा शिवाजी पार्कसारख्या भागांतून विरोध झाला. घर दुरुस्त करता येईल का, किंमत उतरेल का, ही रहिवाशांची भीती निराधार म्हणता येत नाही. एकूण स्थिती अशी झाली की घराचा दर्शनी भाग वारसा समितीकडे, तिवर वन विभागाकडे, नाला पालिकेकडे आणि संकुल प्राधिकरणाकडे. गावाचा उतार मात्र एकाही दप्तरात नाही.

१९/ इतरत्र काय घडले? दक्षिण कोरियातील सोलमध्ये चाँगेचॉन हा प्रवाह झाकून त्यावर उन्नत महामार्ग बांधला होता. तो पाडून २००५ मध्येच, मुंबईच्या पुराच्या वर्षी, सुमारे ५.८ किलोमीटरचा प्रवाह पुन्हा खुला करण्यात आला. जगभर त्याचे कौतुक झाले. पण त्यातले बरेचसे पाणी पंपाने आणावे लागते आणि काठच्या फेरीवाल्यांना हटवण्यात आले. म्हणजे देखणा प्रवाह मिळाला, तरी निसर्ग आणि न्याय दोन्ही आपोआप मिळत नाहीत.

२०/ कोलेकल्याणला अधिक जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. तेथील खाजण शेतीत बांध, पाण्याची 'मानस' ही दारे, भात आणि मासेमारी यांची देखभाल गावकरी संस्था सामूहिकपणे करत. मानशीवरील मासेमारीचा लिलाव होई. म्हणजे पूरनियंत्रण, उत्पन्न आणि परंपरा ही एकाच संस्थेची जबाबदारी होती. आज गोव्यातही बांध फुटतात आणि भराव पडतो. तरीही हे तीन विषय एकत्र सांभाळता येतात, याचा तो पुरावा आहे.

२१/ वाकोल्यात भातशेती परत येणार नाही आणि वांद्रे-कुर्ला संकुलही हटणार नाही. पण इतिहासातून काही व्यवहार्य निकष निघतात. गावठाणाचे सीमांकन करताना जुन्या तळ्यांची, विहिरींची आणि पाणवाटांची नोंदही व्हावी. विद्यापीठाची मोकळी जमीन आणि मैदाने पावसाळ्यात पाणी थोपवू शकतात का, हे तपासावे. उरलेल्या तिवरांच्या पट्ट्यावर नवा भराव नको. आणि काठावरच्या कुटुंबांना हलवायचेच असेल, तर पर्यायी घर त्याच परिसरात मिळावे; त्यांचा रोजगार इथेच आहे.

२२/ १९३४ मध्ये बंद झालेल्या मार्गाची आद्याक्षरे रस्त्याच्या पाटीवर आहेत आणि कोलेकल्याण हे नाव अजून सातबारा व मिळकत पत्रिकांत आहे. त्याच गावाचा नाला मात्र कोणत्याही वारसा यादीत नाही. या परिसरात पुढचा रस्ता, पूल किंवा संकुल जाहीर होईल तेव्हा वाचकांनी त्याच्या आराखड्यात एक गोष्ट आवर्जून शोधावी : भरतीच्या त्या सहा तासांत पावसाचे पाणी कुठे थांबणार आहे?