आधी पागा, मग मिरवणूक

गेल्या वर्षीची विसर्जन मिरवणूक सभासदांच्या लक्षात असेलच. बालशिवाजीच्या वेषातला आठ वर्षांचा मुलगा पांढऱ्या घोडीवर बसवला होता. चौकात फटाक्यांची माळ लागली, घोडी बिथरली आणि मागच्या दोन पायांवर उभी राहिली. उस्तादांनी लगाम सोडला नाही म्हणून मुलाचे नुसते कोपर खरचटण्यावर निभावले. ‘घोडी खोडकर निघाली’ असे त्या रात्री सगळे म्हणाले. आम्हीही म्हणालो. आणि घोडी ठरवून आणणारे आम्हीच होतो!

मोईनाबादच्या बाजूला पाच-सहा घोड्यांचे एक लहानसे फार्म आहे. तेथे मुलांना घोडेस्वारी शिकवतात. मिरवणुकीसाठी घोडी द्यायला तेथले वयस्कर उस्ताद तयार नव्हते. आम्ही फार आग्रह केला तेव्हा त्यांनी तीन अटी घातल्या. फटाके जवळ नकोत, दर दोन तासांनी पाणी आणि थांबल्यावर खोगिराचा तंग सैल करायचा. आम्ही मान डोलावली आणि ढोल-ताशाच्या नादात तिन्ही विसरलो. दुसऱ्या दिवशी उरलेले पैसे द्यायला गेलो, तेव्हा उस्तादांनी घोडीच्या पाठीवरचे कापड उचलून दाखवले. झुलीखाली तंगाने कातडे सोलले होते. ते एवढेच म्हणाले, “साब, मैं बोला था ना, पटाखे नक्को.”

त्यांच्या दखनीतला हा ‘नक्को’ म्हणजे आपलाच ‘नको’. तो मनाला लागला. आम्ही सरकारी नोकर, शिक्षण डिप्लोमापर्यंत. इतिहासाचे केवळ हौशी वाचक. पण शिवछत्रपतींचे नाव घेऊन घोडा आणायचा आणि छत्रपतींच्या पागेत घोडा कसा सांभाळत हे ठाऊक नसावे, याची लाज वाटली. म्हणून वर्षभर जे वाचले आणि त्या फार्मवर जे पाहिले, ते थोडक्यात येथे मांडतो.

सुरुवात महाराजांच्या एका पत्रापासून करू. राज्याभिषेकाच्या तोंडावर, १६७४ च्या मे महिन्यात, चिपळूण भागात छावणीला असलेल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिले आहे. पावसाळ्यासाठी घोड्यांचा दाणा आणि वैरण जमा करून ठेवली होती. महाराज बजावतात की, हा साठा आत्ताच मनमानीने उडवलात तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुमचे लोक गावात शिरून कुणब्यांचे दाणे, गवत, लाकूडफाटा नेऊ लागतील आणि रयतेला वाटेल की यापेक्षा मोगल बरे. पुढची सूचना तर घरातल्या वडीलधाऱ्याने करावी तशी आहे. रात्री दिवे जळते ठेवू नका. उंदीर पेटती वात पळवील, गवताच्या गंजीला आग लागेल आणि सगळी पागा बुडेल. सिंहासनावर बसायला निघालेला राजा उंदराने पळवलेल्या वातीची काळजी करतो आहे! या पत्रात चढाई नाही, तलवार नाही. आहे ती फक्त घोड्याच्या आणि रयतेच्या पोटाची चिंता.

कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत पागेची रचना दिली आहे. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. पण आम्हाला महत्त्वाची वाटली ती याच रचनेतली दुसरी नोंद. दर पंचवीस घोड्यांमागे पाण्यासाठी एक पखालवाला आणि एक नालबंद असे. म्हणजे पाणी आणि खूर या गोष्टी स्वाराच्या मर्जीवर सोडलेल्या नव्हत्या. त्यांना माणूस नेमलेला होता. पावसाळ्यात लष्कर छावणीत परते. तेथे दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेल्या पागा आधीच तयार असत. दसऱ्याला फौज पुन्हा बाहेर पडे. आपण दसऱ्याला सीमोल्लंघन करतो, पण त्यामागे चार महिन्यांची ही विश्रांती होती, हे विसरतो.

दख्खनचा घोडा दिसायला देखणा नव्हे. भीमा नदीच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू अंगाने लहान, पण काटक. जाड्याभरड्या चाऱ्यावर राहणारे आणि डोंगरवाटेला न अडखळणारे. अशा चपळ घोडदळाची करामत आपल्या हैदराबादच्या पहिल्या निजामाने स्वतः अनुभवली. १७२७-२८ च्या मोहिमेत निजामुल्मुल्क पुण्याकडे वळला, तेव्हा थोरल्या बाजीरावाने समोरासमोर लढाई न देता जालना, खानदेश, गुजरात असा मुलूख तुडवला आणि मग औरंगाबादेवर चाल केली. निजामाला माघारी फिरावे लागले आणि त्याचा जड तोफखाना मागे पडला. फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला मराठ्यांनी त्याचे अन्न-पाणी तोडले आणि ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. या विजयाचे श्रेय बाजीरावाच्या बुद्धीला आहेच. पण इतकी दौड करूनही पालखेडला घोडी उभी होती, याचे श्रेय कोणाला? खरारा करणारा मोतद्दार, तोबऱ्यात चंदी भरणारा पोऱ्या, नालबंद आणि पखालवाला यांना. त्यांची नावे कोठेच लिहिलेली नाहीत.

नावे राहिली नाहीत, पण शब्द राहिले. शिलेदार, पागनीस, नालबंद, चाबुकस्वार ही आजही आडनावे आहेत. चाबुकस्वार म्हणजे नवे घोडे शिकवून तयार करणारा. खोगीरभरती, लगाम घालणे, घोडामैदान हे शब्द तर घोडा कधी न पाहिलेला माणूसही वापरतो. गनिमी काव्यातल्या ‘कावा’ शब्दाचा एक जुना अर्थ घोड्याला वर्तुळात फिरवणे असा आहे, हे आम्हाला फार्मवर गेल्यानंतर उमगले. उस्ताद लांब दोरीवर शिंगराला गोल गोल फिरवत होते, आधी डावीकडून, मग उजवीकडून. या फेऱ्यांत घोडा तोल सांभाळायला आणि आवाजाचा हुकूम ओळखायला शिकतो. पाठीवर माणूस त्यानंतर बसतो. ‘घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली?’ या लहानपणीच्या कोड्याचे ‘न फिरवल्यामुळे’ हे उत्तर आम्हाला त्या दिवशी नव्याने पटले.

फार्मवर आणखीही काही समजले. घोडा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. फक्त थेट पाठीमागचे आणि नाकासमोरचे जवळचे दिसत नाही. म्हणून मागून झालेला आवाज त्याला वाघासारखा. त्याचे जठर लहान असते आणि त्याला ओकता येत नाही, म्हणून थोडे थोडे आणि वरचेवर खायला द्यावे लागते. पोट बिघडले तर जिवावर बेतते. लगाम ओढला की तो थांबतो. पण थांबताक्षणी हात सैल केला तरच तो शिकतो, कारण सैल हात हेच त्याचे बक्षीस. बुजलेल्या घोड्याला मारू नये, ज्याला तो भ्यायला त्या वस्तूजवळ हळूहळू न्यावे, असे ग्रीक लेखक झेनोफनने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. आमचे उस्ताद झेनोफन वाचलेले नाहीत, पण करतात तेच.

हैदराबादला तर ही विद्या परकी नाहीच. हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळात स्वार स्वतःचा घोडा आणीत. इंग्रजांनी त्या पद्धतीला दिलेले नाव आपल्या ‘शिलेदार’ या शब्दावरूनच आले. या घोडदळातून पुढे विसावी डेक्कन हॉर्स ही पलटण झाली. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडजवळ तिच्या स्वारांनी भाले घेऊन हल्ला केला. भारतीय सैन्यात डेक्कन हॉर्स हे नाव आजही आहे; घोड्यांच्या जागी रणगाडे आले इतकेच. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात शर्यती मौलाअलीहून मलकपेटला आल्या, ते मैदान तर रोजच्या वाटेवरचे.

आणि आपल्यापैकी जे नांदेडकडचे आहेत त्यांना लोहा तालुक्यातली माळेगावची यात्रा सांगायला नको. १९५६ पर्यंत तो मुलूख आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. खंडोबा घोड्यावरचा देव, म्हणून त्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार. लहानपणी आजोबांबरोबर आम्ही तेथे गेलो होतो. आजोबा घोडा पाहताना तोंडाकडे नंतर बघत. आधी खाली वाकून खूर बघत, मग पाठीवरून हात फिरवत. घ्यायचा नव्हताच, पण पाहायची रीत तीच.

यंदा कार्यकारिणीपुढे आम्ही दोन सूचना ठेवल्या आहेत. मिरवणुकीत घोडा आणू नये. बालशिवाजी रथावर शोभेल. आणि वाचलेल्या पैशांतून दिवाळीच्या सुट्टीत मुलांना एक दिवस त्या फार्मवर न्यावे. तेथे आधी खरारा करायचा, पाणी पाजायचे, खूर साफ करायला शिकायचे आणि मगच रिकिबीत पाय ठेवायचा. उस्ताद हो म्हणाले आहेत. घोडीची पाठ आता भरून आली आहे. गेल्या वर्षी पडता पडता वाचलेल्या मुलाने आपले नाव पहिले लिहिले आहे.

सूचना मान्य होतील अशी आशा आहे. नाही झाल्या, तर मिरवणुकीत पाण्याची बादली घेऊन घोडीबरोबर आम्ही स्वतः चालू.

गणपती बाप्पा मोरया!