ई-साहित्याचा शोध व पुनर्वापर : शिक्षकांच्या संपर्कजाळ्याचे विश्लेषण

शिक्षकांमधील देवाणघेवाणीचे जाळे मांडून, त्याच्या आधारे इंटरनेटवरील अध्यापन-साहित्य हुडकण्याची आणि ते दुसऱ्या वर्गासाठी पुन्हा वापरण्याची पद्धत. यात व्यक्ती किंवा साहित्य हा बिंदू असतो. कोणी कोणाला काय दिले आणि कोणी काय वापरले, त्यानुसार बिंदूंमध्ये रेघ ओढली जाते. शोधयंत्रात धड्याचे नाव टाकले की ढीगभर चित्रफिती समोर येतात, पण त्यांतली कोणती चौथीच्या वर्गात खरोखर चालली ते कळत नाही. ते वापरून पाहिलेल्या शिक्षकालाच माहीत असते. म्हणून आधी तो शिक्षक शोधायचा.

माणसांमधील नाती बिंदू-रेघांनी मांडण्याची रीत याकोब मोरेनो यांच्या 1934 मधील ग्रंथाने रूढ झाली. 1954 मध्ये जॉन बार्न्स यांनी नॉर्वेतील ब्रेम्नेस या मच्छीमारांच्या वस्तीचा अभ्यास करताना ‘सामाजिक जाळे’ ही कल्पना शास्त्रीय अर्थाने वापरली. नवी माहिती बहुधा जवळच्यांकडून न येता तोंडओळखीच्या माणसांकडून येते, हे मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये दाखवले. मोफत शैक्षणिक साहित्याचा प्रवाह त्यानंतर बराच उशिरा आला. एमआयटीने आपले अभ्यासक्रम खुले करण्याची घोषणा 2001 मध्ये केली. भारतात ‘दीक्षा’ हे शासकीय व्यासपीठ 2017 मध्ये सुरू झाले.

रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर तालुक्यांत ही पद्धत कशी लागू पडते ते पाहण्यासारखे आहे. इथल्या जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा डोंगरउतारावरच्या वाड्यांमध्ये, पटसंख्या कमी, कित्येक ठिकाणी दोनच शिक्षक. त्यांची चर्चा होते ती केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या बैठकीत) आणि केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर. समजा, उमरठजवळच्या एका शाळेतल्या बाईंनी तानाजी मालुसरे यांच्या समाधीपाशी मुलांना उभे करून, मुलांच्याच तोंडून माहिती सांगणारी चार मिनिटांची चित्रफीत केली. चौथीच्या ‘परिसर अभ्यास’ भाग दोनमध्ये शिवचरित्र आहे. त्यामुळे ती राज्यभरच्या वर्गांना उपयोगी पडेल. पण केंद्राच्या गटावर सगळे एकमेकांना आधीच ओळखतात. चित्रफीत तिथेच फिरत राहते आणि चार दिवसांनी सुट्टीच्या परिपत्रकांखाली गाडली जाते.

इथे हिशेब मांडून बघावा. दोन केंद्रांत चार-चार शिक्षक घ्या. प्रत्येक केंद्रात सगळ्यांचा सगळ्यांशी संपर्क आहे, पण दोन केंद्रांना जोडणारा या आठांव्यतिरिक्त एकच शिक्षक आहे आणि त्याची प्रत्येक बाजूला एकाशीच ओळख आहे. त्याचे संपर्क दोन. बाकी कोणाचेही किमान तीन. नुसते संपर्क मोजले तर तो सर्वांत मागे पडतो. पण एका केंद्रातल्या चौघांकडून दुसऱ्या केंद्रातल्या चौघांकडे जाणाऱ्या सर्व 16 जोड्यांची वाट त्याच्यावरून जाते. लिंटन फ्रीमन यांनी 1977 मध्ये मांडलेले मध्यस्थतेचे माप हेच पकडते. कोकणात असा दुवा पुष्कळदा आंतरजिल्हा बदलीने आलेल्या किंवा गेलेल्या गुरुजींचा असतो: जुन्या जिल्ह्यातल्या सहकाऱ्यांशी त्यांचे बोलणे चालू असते. बदलीकडे आपण फक्त गैरसोय म्हणून पाहतो, हे चूक आहे. साहित्य जिल्ह्याबाहेर नेणारी माणसे त्यातूनच तयार होतात. कोणाला काही शोधायचे असेल तर गटातल्या सर्वांत बोलक्या सदस्याआधी या गुरुजींना विचारावे.

पुनर्वापराला मात्र नुसते सापडणे पुरत नाही. पुढे-पुढे पाठवताना चित्रफितीवरून बाईंचे नाव, शाळा, इयत्ता आणि वापरण्याची परवानगी गळून पडते. मग दुरुस्ती कोणाला सुचवायची हेही उरत नाही. बदलांची मुभा देणारा क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा परवाना साहित्यावरच नोंदवला तर दुसऱ्या शिक्षकाला ते कापता, भाषांतरित करता, आपल्या बोलीत पुन्हा ध्वनिमुद्रित करता येते, आणि मूळ नावही टिकते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, त्यामागे पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचे त्यांचे काम होते. पुरस्काराआधीच बालभारतीच्या पुस्तकांवर असे कोड आले होते. छापील पानावरून थेट साहित्यापर्यंत जाण्याची ही सोय मोठी आहे, पण तिचा प्रवाह वरून खाली येतो. वाडीतल्या बाईंचे साहित्य वर कसे चढावे, याचे उत्तर जाळ्यातच शोधावे लागते.

महाड औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या प्रशिक्षणात योग्य माणूस शोधण्याची हीच गरज जास्त गंभीर होते. वसाहतीत रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांना लागणारे ऑपरेटर घडवणारा आयटीआयमधला व्यवसाय म्हणजे ‘अटेंडंट ऑपरेटर (केमिकल प्लांट)’. त्याचे साहित्य ‘भारत स्किल्स’ या शासकीय संकेतस्थळावर मिळते. तरी ड्रममधून सॉल्व्हंट रिअ‍ॅक्टरमध्ये घेताना अर्थिंगची क्लिप आधी का लावायची, ती रंग चढलेल्या पत्र्यावर लावली तर का उपयोगाची नाही, हे कामगाराला पटेल अशा मराठीत समजावणारा माणूस बहुधा जुना शिफ्ट-इनचार्ज असतो. आयटीआयचे निदेशक, कारखान्याचे सुरक्षा अधिकारी आणि शिफ्टवरची माणसे यांचे जाळे काढले की असा माणूस दिसतो. त्याचे समजावणे मोबाईलवर टिपले की ते शेजारच्या कारखान्यातही चालते. रसायन आणि यंत्र बदलले की सूचना मात्र तिथल्या जाणकाराकडून तपासून घ्यायलाच हवी. जाळ्यात आणखी एक गोष्ट उघडी पडू शकते: ठेकेदाराच्या कामगाराकडे एकही रेघ जात नसेल. धोक्याचे काम त्याच्याही वाट्याला येते, म्हणून प्रशिक्षणाची पहिली रेघ तिथेच ओढली पाहिजे.

पद्धतीच्या मर्यादा आहेत. जास्त वापरलेले साहित्य वर येते आणि वर आलेलेच पुन्हा वापरले जाते. यात उमरठची चित्रफीत शहरातल्या चकचकीत चित्रफितीपुढे हरते. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश कूटबद्ध असल्यामुळे प्रवास बाहेरून दिसत नाही, तेव्हा शिक्षण परिषदेतच विचारावे लागते: गेल्या महिन्यात वर्गात वापरलेले साहित्य कोणाकडून मिळाले? उत्तरे गेफीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये भरून आकृती काढता येते.

या आकृतीत नावांऐवजी क्रमांक घातले की गोपनीयता राखली, असे इथे म्हणता येत नाही. दोनशिक्षकी शाळेत क्रमांकामागचा माणूस केंद्रातला कोणीही ओळखतो. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आहे. त्यापलीकडेही शिक्षकांची संमती घेणे, आकृती शाळेऐवजी केंद्राच्या पातळीवर दाखवणे आणि कमी रेघा असलेल्या शिक्षकाच्या गोपनीय अहवालात हा निष्कर्ष न घालणे, हे माहिती गोळा करण्याआधीच लेखी ठरवावे लागते.