पोकळीची राखण : हौशी रेडिओ आणि प्रेषक व्हॉल्व्ह

रेडिओचा इतिहास मराठीत लिहिला जातो तेव्हा तो बहुधा मार्कोनी आणि जगदीशचंद्र बोस यांच्यापासून निघतो आणि थेट ट्रान्झिस्टरपाशी येऊन पोहोचतो. मधली चाळीस-पन्नास वर्षे ज्याच्या जिवावर चालली, तो व्हॉल्व्ह एखाद्या परिच्छेदात आटोपतो. हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे हॅम मंडळींचा, त्यातला वाटा तर नावालाही येत नाही. माझे रेडिओचे शिक्षण कुठल्या कॉलेजात झालेले नाही. जुने सेट उघडत आणि उत्पादकांची माहितीपत्रके वाचत जे कळले तेवढेच भांडवल. त्या वाचनातून एक प्रश्न सारखा पुढे येत राहिला. हजारो व्होल्ट अंगावर घेणाऱ्या या काचेच्या भांड्याला सांभाळायचे कोणी? याचे उत्तर काळानुसार बदलत गेले आणि त्या बदलातच या यंत्राचा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

चंदेरी डाग

फ्लेमिंगने १९०४ मध्ये दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने त्याच्या ऑडिऑनला तिसरे टोक जोडले, ते म्हणजे ग्रिड. ग्रिडवरच्या क्षीण लहरीने प्लेटचा मोठा प्रवाह हलवता येतो, हेच वर्धन. पण त्यासाठी फिलामेंट आणि प्लेट यांच्यामध्ये पोकळी हवी, आणि ती टिकायला हवी. धातू तापला की त्यात दडलेला वायू बाहेर पडतो. तो वायू विजेला वाट करून देतो आणि व्हॉल्व्ह आतल्या आत ठिणगी पाडून संपतो.

घरातला जुना व्हॉल्व्ह-रेडिओ ज्यांनी पाहिला असेल त्यांना काचेच्या आतला आरशासारखा चंदेरी डाग आठवेल. तो बहुधा बेरियमचा लेप. सुटा वायू शोषून घेणे हे त्याचे काम. काच तडकून हवा आत शिरली की तोच डाग पांढरा पडतो. जुने मेकॅनिक नुसता डाग पाहून व्हॉल्व्ह गेला की नाही ते सांगत. परंतु शेकडो वॉट उष्णता झेलणाऱ्या प्रेषक व्हॉल्व्हमध्ये हा लेप स्वतःच तापून त्रास देऊ लागतो. तिथे दुसरा उपाय हवा होता.

सॅन ब्रुनोचे दोघे

हा उपाय रुळवण्यात मोठा वाटा होता तो कॅलिफोर्नियातल्या दोन हॅमचा, विल्यम आयटल आणि जॅक मॅकलॉ यांचा. दोघेही सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या हाइन्ट्झ अँड कॉफमन कंपनीत होते. त्या काळी व्हॉल्व्हची महत्त्वाची पेटंटे आरसीए या बड्या कंपनीच्या हाती एकवटलेली होती. त्यामुळे हाइन्ट्झ अँड कॉफमनला आपले प्रेषक व्हॉल्व्ह आपणच घडवावे लागले. पेटंटांना वळसा घालताना तिथल्या मंडळींना टँटलम या धातूचा चांगला सराव झाला.

टँटलम सुमारे ३,००० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही आणि तापला की वायू शोषून घेतो. म्हणजे प्लेट लाल होईपर्यंत राबली तरी पोकळी बिघडत नाही, उलट साफ होते. आयटल आणि मॅकलॉ यांनी १९३४ मध्ये सॅन ब्रुनो येथे स्वतःची कंपनी काढली. दोघांच्या नावांतून 'आयमॅक' हे नाव झाले. पहिला व्हॉल्व्ह १५०टी, आणि गिऱ्हाईक हॅम. हे गिऱ्हाईक कठीण होते. माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेच्या पुढे जाऊन व्हॉल्व्ह पिळायचा, ही हॅमची जुनी खोड. ती सोसेल असा व्हॉल्व्ह करणे भाग पडले.

या खोडीचे फळ अनपेक्षित ठिकाणी मिळाले. १९३८च्या अखेरीस अमेरिकन नौदलाने 'न्यूयॉर्क' या युद्धनौकेवर एक्सएएफ हा प्रायोगिक रडार बसवला. त्याच्या प्रेषकात आयमॅकचे १००टीएच व्हॉल्व्ह होते. रडारला क्षणभरासाठी प्रचंड शक्ती लागते. हॅमच्या छळाला पुरून उरलेला व्हॉल्व्ह तिथे नेमका बसला. पुढे जुलै १९६० मध्ये आयमॅकच्याच रेडिओ क्लबने मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम मंडळींशी चंद्रावरून लहरी परतवून दुतर्फी संपर्क साधला. हौशी रेडिओत तो पहिलाच.

राखण धातूकडून मंडलाकडे

नंतरच्या व्हॉल्व्हांत काचेची जागा सिरॅमिकने घेतली. आकार लहान झाला, शक्ती वाढली, ग्रिड मात्र कॅथोडच्या अगदी जवळ आले. फरक दोन व्हॉल्व्ह शेजारी ठेवून पाहावा. हीथकिटच्या एसबी-२२० या लोकप्रिय वर्धकात काचेचे दोन ३-५००झेड असत. फिलामेंट पेटताच काम सुरू आणि प्लेट मंद लाल होणे ही नेहमीची गोष्ट. उलट ८८७७ हा सिरॅमिक व्हॉल्व्ह कॅथोड तापायला तीन मिनिटे मागतो आणि त्याच्या ग्रिडला जेमतेम २५ वॉट उष्णता सोसते. अँटेना चुकीची जोडली गेली की ग्रिडचा प्रवाह उसळतो आणि महागडा व्हॉल्व्ह क्षणात जातो. म्हणून तीन मिनिटे थांबवणारा टायमर, ग्रिडप्रवाह वाढताच तोडणारा रिले, पंखा बंद पडला तर पुरवठा बंद करणारा स्विच, हे सारे आले. धातू जे काम मुकाट्याने करत होता ते मंडलाकडे आणि मंडल बांधणाऱ्याकडे आले. 'जुने ते दणकट' असे हॅम मंडळी म्हणतात, त्यामागे एवढा इतिहास आहे.

ठिणगीचेही तसेच. ३,००० व्होल्टला भरलेल्या २५ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ११२ ज्यूल ऊर्जा असते. दहा किलोचे पोते मीटरभरापेक्षा थोड्या अधिक उंचीवरून पडावे, तेवढी. व्हॉल्व्हमध्ये ठिणगी पडली तर ती सगळी एका क्षणात आत ओतली जाते. प्लेटच्या तारेत २५ ओहमचा जाड रेझिस्टर घातला की प्रवाह १२० अँपिअरवर अडतो आणि बराचसा मार तो रेझिस्टर खातो. काही रुपयांची वस्तू हजारोंचा व्हॉल्व्ह वाचवते.

आणि माणूस?

व्हॉल्व्ह गेला तर दुसरा मिळतो. रॉस हल हा ऑस्ट्रेलियन हॅम अमेरिकेत 'क्यूएसटी' या हॅमच्या मासिकाच्या संपादक मंडळात होता. अतिउच्च कंप्रतेच्या लहरींवरचे त्याचे काम आजही मानतात. सप्टेंबर १९३८ मध्ये टेलिव्हिजनचा प्रयोग करताना उच्च दाबाच्या धक्क्याने तो गेला. जाणकारातला जाणकार माणूस होता तो. त्याच्या नावाची स्पर्धा ऑस्ट्रेलियात अजून भरते.

म्हणून कपॅसिटर रिकामा करणाऱ्या ब्लीडर रेझिस्टरवरही विसंबू नये. १०० किलोओहमचा ब्लीडर वरचा कपॅसिटर साधारण १२ सेकंदांत २० व्होल्टपर्यंत उतरवतो. पण तो आतून तुटला असेल तर बंद यंत्रातही मरण भरलेले राहते. झाकण काढताच पुरवठा तोडणारा स्विच, आणि लांब दांड्याला बांधलेली, जमिनीशी जोडलेली तार, या दोन गोष्टी वर्धकाचाच भाग समजाव्यात.

आपल्याकडच्या इतिहासाशीही याचा धागा आहे. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून चालवलेला गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलत असे. हिशेब केला तर ही जागा सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येते, म्हणजे आज आपले हॅम रोज बोलतात तोच ४० मीटरचा पट्टा. जागा बदलत, पाळत चुकवत चाललेल्या त्या केंद्राची कथा आपण भाषणांची आणि खटल्याची म्हणून सांगतो. ते भाषण हवेत पोहोचवणारे यंत्र कोणीतरी सुटे भाग जुळवून बांधले होते, हे विसरतो.

असे यंत्र बांधणारे हात आता थोडे राहिले आहेत. त्यांचे वर्धक वारसांच्या माळ्यावरून भंगारात किंवा नव्या हौशी मुलांच्या हाती जात आहेत. त्या मुलांना व्हॉल्व्हचा आकडा सहज सापडेल. ब्लीडर तपासल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हे मात्र कोणीतरी सांगावे लागते. आधीच्या पिढीने ते जिवाची किंमत देऊन शिकले आहे. या इतिहासातले निदान एवढे पान तरी पुढे जायला हवे.