वाइतांगी : एक करार, दोन मसुदे (थ्रेड)

नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेत हाना-राव्हिती माइपी-क्लार्क या २२ वर्षांच्या खासदार तरुणीने एका विधेयकाची प्रत फाडली आणि सभागृहातच ‘हाका’ या माओरी समूहनृत्याला आरंभ केला. ती चित्रफीत जगभर कोट्यवधी लोकांनी पाहिली. ते विधेयक ज्या करारासंबंधी होते, त्याचा इतिहास मात्र त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या इतिहासाची सुरुवात एका भाषांतरापासून होते.

४ फेब्रुवारी १८४०. न्यूझीलंडच्या उत्तर भागातील ‘बे ऑफ आयलंड्स’ या उपसागराच्या काठी हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याच्या हाती एक इंग्रजी मसुदा देण्यात आला. दुसऱ्या दिवशी माओरी सरदारांची सभा भरायची होती आणि तीत हा मसुदा त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा होता. विल्यम्स आणि त्याचा मुलगा एडवर्ड यांनी रातोरात भाषांतर पुरे केले. दोघेही कायदेपंडित नव्हते.

मसुदा ज्याच्या नावाने सिद्ध झाला तो विल्यम हॉब्सन हा ब्रिटिश आरमारातला अधिकारी. तो न्यूझीलंडच्या किनाऱ्याला लागून पुरता आठवडाही झाला नव्हता. लंडनहून त्याला स्पष्ट आज्ञा होती की माओरींची समजून-उमजून दिलेली संमती मिळाल्यावाचून देश ताब्यात घेऊ नये. या आज्ञेमागे सदिच्छा होती तशी अगतिकताही होती. तेव्हा न्यूझीलंडमध्ये युरोपीय वसाहतकरी सुमारे २,००० आणि माओरी त्यांच्या कित्येक पट. शिवाय माओरींच्या हाती बंदुका होत्या आणि त्या चालवण्याचा दांडगा अनुभवही होता. बळाने काही साधण्याजोगी परिस्थितीच नव्हती.

आता मसुद्याकडे वळू. इंग्रजी मसुद्याच्या पहिल्या कलमात सरदार आपले संपूर्ण ‘सार्वभौमत्व’ इंग्लंडच्या राणीला देतात. माओरी मसुद्यात त्या जागी शब्द आहे ‘कावानातांगा’. हा शब्द मूळचा माओरी नव्हे. पेशवेकालीन कागदांत इंग्रजांचा ‘जनरल’ जसा ‘जनराल’ झाला, तसा माओरी मुखात ‘गव्हर्नर’चा ‘कावाना’ झाला, आणि त्याला भाववाचक प्रत्यय लागून ‘कावानातांगा’, म्हणजे गव्हर्नरपण, गव्हर्नरचा कारभार. माओरींच्या ओळखीचे ‘कावाना’ दोनच : बायबलच्या भाषांतरात भेटलेला पिलात आणि समुद्रापलीकडच्या न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर. दोघेही राजे नव्हते. कारभार सोपवणे आणि राज्य देऊन टाकणे यांतला फरक मराठी इतिहासाच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

दुसऱ्या कलमात गुंता अधिकच वाढतो. इंग्रजीत माओरींना त्यांच्या जमिनी, वने आणि मासेमारीची ठिकाणे यांचा निर्वेध ताबा राहील असे अभिवचन आहे. माओरी मसुद्यात मात्र जमिनी, वस्त्या आणि सर्व ‘ताओंगा’ यांवरील ‘तिनो रंगातिरातांगा’ त्यांच्याकडेच राहील असे म्हटले आहे. ‘रंगातिरा’ म्हणजे सरदार, आणि ‘रंगातिरातांगा’ म्हणजे त्याची सत्ता. बायबलच्या माओरी भाषांतरात स्वर्गाच्या ‘राज्या’साठी हाच शब्द योजलेला आहे. ‘ताओंगा’ म्हणजे मोलाची ठेव, मग ती वस्तू असो वा विद्या. याच कलमात एक अटही होती : माओरींना जमीन विकायची झाल्यास खरेदीचा पहिला हक्क राणीचा. माओरी मसुद्यात या अटीतून केवळ विक्रीचा बोध होतो. अग्रहक्काची कल्पना नीट उतरलेलीच नाही.

दोन्ही कलमे माओरीतून सलग वाचली तर अर्थ असा निघतो : राणीचा कारभारी येथे राहील, आपल्या उनाड गोऱ्यांना आवर घालील, आणि आमची सत्ता आमच्याकडे राहील. इंग्रजीतून वाचली तर राज्य राणीचे आणि जमीन तूर्त माओरींची.

विल्यम्सला याहून योग्य शब्द सुचला नसेल, असे त्याच्या बाजूने म्हणता येते का? हा बचाव टिकणे कठीण आहे. अवघ्या सव्वाचार वर्षांपूर्वी, २८ ऑक्टोबर १८३५ रोजी, उत्तरेकडील ३४ सरदारांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा केला होता आणि त्याचे माओरी रूप सिद्ध करण्यात विल्यम्सचाच हात होता. तेथे सार्वभौम सत्तेसाठी ‘किंगीतांगा’ आणि ‘माना’ हे शब्द आले आहेत. ‘माना’ सोडून द्या असे कागदावर असते तर बहुधा एकाही सरदाराने त्याला हात लावला नसता, आणि माओरींमध्ये अनेक वर्षे काढलेल्या विल्यम्सला हे कळत नव्हते असे मानणे अवघड आहे. हेतू फसवणुकीचा होता की करार व्हावा या तळमळीचा, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. परिणाम दोन्ही बाबतींत तोच.

५ फेब्रुवारीला दिवसभर वादविवाद झाला. अनेक सरदारांनी हॉब्सनला तोंडावर परत जायला सांगितले. तामाती वाका नेने आणि होने हेके यांनी कराराची बाजू घेतली. ६ तारखेला सह्या सुरू होणार तोच विल्यम कोलेन्सो हा मिशनऱ्यांचा मुद्रक उठून उभा राहिला आणि सरदारांना या कागदाचा अर्थ खरोखर कळला आहे का, असे त्याने हॉब्सनला विचारले. आपल्या हातून होण्यासारखे सर्व केले आहे, अशा आशयाचे उत्तर देऊन हॉब्सनने कार्यक्रम पुढे चालवला. पहिली सही होने हेकेची. त्या दिवशी चाळीसहून अधिक सरदारांनी, आणि पुढच्या काही महिन्यांत प्रती गावोगाव फिरवून सुमारे ५४० जणांनी सह्या वा खुणा केल्या. त्यांत काही स्त्रियाही होत्या. यांपैकी फक्त ३९ जणांनी इंग्रजी प्रतीवर सही केली; बाकी सर्वांनी माओरी प्रतींवर. सह्यांचे काम चालू असतानाच, २१ मे १८४० रोजी, हॉब्सनने संपूर्ण देशावर ब्रिटिश सत्ता जाहीर करून टाकली होती.

ज्याने पहिली सही केली, त्याचाच भ्रमनिरास आधी झाला. जुलै १८४४ मध्ये कोरोरारेका बंदरावरचा ब्रिटिश ध्वजस्तंभ हेकेच्या पुढाकाराने तोडण्यात आला. इंग्रजांनी तो पुन्हा उभारला, तो पुन्हा पडला. मार्च १८४५ पर्यंत हे चार वेळा घडले आणि चौथ्या खेपेला युद्धच पेटले.

पुढची हकीकत वसाहतींच्या इतिहासात पुन:पुन्हा भेटते, म्हणून आवरती घेता येईल. १८५० च्या दशकाअखेर गोऱ्यांची संख्या माओरींच्या पुढे गेली. १८६३ मध्ये सैन्य वाइकातो प्रदेशात घुसले आणि त्याच वर्षी ‘बंडखोरां’च्या जमिनी जप्त करण्याचा कायदा झाला. एकट्या वाइकातोत सुमारे १२ लाख एकर जमीन गेली. जप्तीतून जे वाचले ते १८६५ च्या जमीन न्यायालयाने पोखरले. सबंध कुळाच्या सामाईक जमिनीची मालकी अधिकाधिक दहा जणांच्या नावे चढवायची, अशी त्याची रीत होती. मग त्या दहांना कर्जात अडकवून जमीन सोडवून घेणे व्यापाऱ्यांना जड गेले नाही.

१८७७ मध्ये सरन्यायाधीश जेम्स प्रेंडरगास्ट यांनी एका खटल्यात या कराराला कायद्याच्या दृष्टीने शून्य ठरवले. ज्यांच्यापाशी राज्यसंस्थाच नव्हती त्यांच्याशी करार कसला, असा त्यांचा तर्क. ज्या सह्यांच्या बळावर देश घेतला, त्या सह्या करणाऱ्यांना सही करण्याची पात्रताच नव्हती, असा याचा अर्थ होतो. मग देश घेतला तो कशाच्या आधारावर, हा प्रश्न न्यायमूर्तींनी स्वत:ला विचारलेला दिसत नाही. खुद्द कागदांची गतही निकालाला साजेशी झाली. १९०८ मध्ये वेलिंग्टनच्या सरकारी इमारतीच्या तळघरात ते सापडले तेव्हा त्यांना पाणी लागलेले होते आणि उंदरांनी कुरतडलेले होते.

माओरींनी मात्र तो कागद कधीच मृत मानला नाही. पारिहाका गावात ते व्हिती आणि तोहू काकाही यांनी जप्त जमिनींवर नांगर धरून आणि मोजणीदारांच्या खुंट्या उपटून नि:शस्त्र प्रतिकार चालवला. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी सुमारे १,६०० शिपाई गावावर चालून आले, तेव्हा वेशीवर त्यांना गाणारी मुले आणि भाजलेल्या पावांचे ढीग आढळले. दोन्ही पुढाऱ्यांना खटल्याविना कैदेत ठेवण्यात आले. १८८४ मध्ये राजा ताव्हियाओ लंडनला गेला. करार राणीशी झाला होता, तेव्हा गाऱ्हाणे राणीलाच सांगायचे. राणीची भेट मिळाली नाही. न्यूझीलंड सरकारकडे जा, असे सांगण्यात आले. म्हणजे ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच दारी. १९२४ मध्ये ताहुपोतिकी विरेमू रातानाचे शिष्टमंडळ लंडनला निघाले आणि त्याने जिनिव्हाच्या राष्ट्रसंघाकडेही दाद मागण्याचा प्रयत्न केला. जवळपास त्याच सुमारास कॅनडातील हौडेनोशोनी राष्ट्रांचा प्रतिनिधी देस्काहे हाही जिनिव्हात सुनावणीसाठी खेटे घालत होता. राष्ट्रसंघात जागा होती ती राज्यांना. दोघांनाही सुनावणी मिळाली नाही.

१४ सप्टेंबर १९७५ रोजी देशाच्या उत्तर टोकावरील ते हापुआ येथून ७९ वर्षांच्या व्हिना कूपर यांच्या नेतृत्वाखाली मोर्चा निघाला. मागणी एकच : माओरींची आणखी एक एकरही जमीन जाऊ नये. सुमारे १,००० किलोमीटर चालून १३ ऑक्टोबरला तो वेलिंग्टनला पोहोचला, तेव्हा पंतप्रधानांना दिलेल्या निवेदनावर ६०,००० सह्या होत्या. त्याच आठवड्यात माओरी मंत्री मातियू राता यांच्या पुढाकाराने वाइतांगी करार कायदा संमत होऊन न्यायाधिकरण स्थापन झाले. ते बहुतांशी शिफारशी करणारे, तेही फक्त पुढे घडणाऱ्या अन्यायांवर. १८४० पासूनच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार त्याला १९८५ मध्ये मिळाला, आणि खरे कपाट तेव्हा उघडले.

न्यायाधिकरणाचे अनेक अहवाल महत्त्वाचे आहेत, पण १९८६ चा विशेष सांगण्याजोगा. तक्रार माओरी भाषेविषयी होती. कित्येक पिढ्यांना शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल मार बसला होता आणि ती बोलणारी मुले दुर्मीळ होत चालली होती. पण करारात भाषेचा उल्लेख कोठे आहे? इंग्रजी मसुद्यात शोधून सापडत नाही; तेथे जमीन, वने, मासेमारी एवढेच. माओरी मसुद्यात मात्र ‘ताओंगा’ आहे. भाषा ही आमची ठेव नव्हे तर काय, असा युक्तिवाद झाला आणि तो मान्य झाला. १९८७ मध्ये माओरी ही देशाची अधिकृत भाषा झाली. विल्यम्सने एका रात्रीत योजलेला शब्द १४७ वर्षांनी माओरींच्या बाजूने साक्षीला उभा राहिला.

पुढे जमिनीचे हिशेब सुरू झाले. १९९५ मध्ये वाइकातो-ताइनुई कुळाशी १७ कोटी न्यूझीलंड डॉलर मूल्याची तडजोड झाली आणि राजसत्तेची क्षमायाचना असलेल्या कायद्यावर राणी एलिझाबेथ यांनी वेलिंग्टनमध्ये स्वत: सही केली. गेलेल्या जमिनीच्या किमतीशी ताडून पाहता ही रक्कम अंशमात्र होती. माओरींनी ती घेतली, पण पुरेशी म्हटली नाही.

मार्च २०१७ मध्ये व्हांगानुई नदीला कायद्याने ‘व्यक्ती’ मानण्यात आले. तीन वर्षे आधी ते उरेवेरा या अरण्यालाही तसा दर्जा मिळाला होता. त्या अरण्याच्या कायद्याचा हवाला त्याच मार्चमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने हिमनद्यांविषयीच्या निकालात दिला. तत्पूर्वी काही दिवस गंगा-यमुनेला याच न्यायालयाने व्यक्ती ठरवले होते; त्या निर्णयाला सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये स्थगिती दिली. भारतात या बातम्या ‘निसर्गाचे हक्क’ म्हणून गाजल्या. न्यूझीलंडमध्ये मात्र तो आधी एका जमातीच्या जुन्या दाव्याचा निकाल होता. नदीच्या वतीने बोलणाऱ्या दोघांपैकी एक जण तेथील कुळे नेमतात आणि दुसरा सरकार. हा अर्धा भाग आपल्याकडच्या चर्चेत बहुधा गळून पडतो.

सगळाच प्रवास पुढच्या दिशेने झाला, असेही नाही. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांत आदिवासी जनसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ मतांनी संमत झाला. भारताचे मत बाजूने होते. विरोधात चारच देश होते : अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. वाइतांगीचा करार करणाऱ्या देशाने तो जाहीरनामा २०१० मध्ये स्वीकारला.

२०१४ मध्ये न्यायाधिकरणाने उत्तरेकडील कुळांच्या दाव्यात नि:संदिग्ध निष्कर्ष काढला की फेब्रुवारी १८४० मध्ये सह्या करणाऱ्या सरदारांनी आपले सार्वभौमत्व दिलेले नव्हते. सरकारने लगेच स्पष्ट केले की सार्वभौमत्व सरकारचेच आहे. दहा वर्षांनी आलेल्या त्या फाडलेल्या विधेयकात कराराची ‘तत्त्वे’ संसदेनेच ठरवून टाकण्याचा घाट होता. सर्व नागरिक समान, मग कोणाला वेगळे हक्क कशाला, हा त्यामागचा युक्तिवाद ऐकायला निर्दोष वाटतो. पण कराराच्या दोन पक्षांपैकी एकाने दुसऱ्याला न विचारता अर्थ ठरवायचा, हे १८४० मध्ये एकदा घडून गेले होते. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी संसदेसमोर पोलिसांच्या अंदाजाने ४२,००० लोक जमले. १० एप्रिल २०२५ रोजी विधेयक ११ विरुद्ध ११२ मतांनी फेटाळले गेले.

उंदरांनी कुरतडलेले ते कागद आता वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मंद प्रकाशात ठेवलेले आहेत. एकूण नऊ प्रती, त्यांतली एकच इंग्रजी. १९७५ च्या कायद्याच्या परिशिष्टात मात्र दोन्ही मसुदे एकापाठोपाठ छापलेले आहेत, आणि त्यांतला कोणता श्रेष्ठ, हे कायद्याने कोठेही म्हटलेले नाही.