गावकरीची वही आणि राष्ट्राचे उत्पन्न

एखाद्या गृहस्थाने वाडवडिलांची शेतजमीन विकली आणि आलेली रक्कम त्या वर्षाच्या कमाईत मांडली, तर त्याची वही शिलकी दिसेल. परंतु गावातील कोणीही शहाणा माणूस तो श्रीमंत झाला असे म्हणणार नाही. मुद्दल आणि उत्पन्न यांतील हा भेद आपल्याकडे अक्षरशत्रू माणसालाही ठाऊक असतो. आश्चर्य हे की, राष्ट्रांच्या जमाखर्चात, निसर्गाच्या बाबतीत तरी, तो विसाव्या शतकात पाळला गेला नाही. याचे परिणाम काय झाले हे पाहण्यासाठी आम्ही गोमंतकाचे उदाहरण घेतो; कारण जुन्या हिशेबाची एक चांगली रीत आणि नव्या हिशेबातील एक मोठी उणीव, ही दोन्ही या एकाच भूमीत पाहावयास मिळतात.

गोव्यातील गावकरी ही ग्रामसंस्था पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीची. १५२६ साली अफोंसो मेशिया याने तिच्या चालीरीती लेखनिविष्ट केल्या. गावची जमीन संस्थेची असे; कोणा एका गावकाराला ती विकता येत नसे. शेते पावणीने, म्हणजे लिलावाने, कसावयास दिली जात. येणाऱ्या रकमेतून सरकारदेणे, देवस्थानाचा खर्च, बांध व मानशी यांची डागडुजी हे भागवून जे उरेल तेच ‘जोण’ म्हणून गावकारांत वाटले जाई. या क्रमाला फार अर्थ आहे. खाजन शेतीत बांध फुटला आणि खारे पाणी आत शिरले, की शेत नापीक होते. म्हणून बांधाचा खर्च हा मुद्दल राखण्याचा खर्च होता, आणि तो वजा झाल्यावाचून नफा हा शब्दच उच्चारला जात नसे. ही व्यवस्था आदर्श होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. जोण पुरुष गावकारांनाच मिळे; ज्यांच्या घामावर शेते पिकत त्या कुळामजुरांना तीत वाटा नव्हता. तरीही जमिनीपुरता तिचा हिशेब चोख होता.

आता राष्ट्राच्या वहीकडे वळू. भारतीयांच्या उत्पन्नाचे मोजमाप करण्याचा पहिला मोठा प्रयत्न दादाभाई नौरोजी यांचा. १८७४ साली ते बडोदे संस्थानचे दिवाण होते. माणशी वर्षाला वीस रुपये, हा त्यांनी काढलेला आकडा प्रसिद्ध आहे. देशातून बाहेर जाणाऱ्या संपत्तीचा प्रश्न त्यांनी त्याच आकडेमोडीतून उभा केला. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. पुण्याचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे तिचे सभासद होते. १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सर्व देशांसाठी जमाखर्चाची एक समान पद्धती घालून दिली. मंदी आणि महायुद्ध यांच्या अनुभवातून ही विद्या वाढली होती. देशात उत्पादन किती होते आणि ते कोठे खर्ची पडते, हा तिचा मुख्य प्रश्न होता. यंत्र झिजले तर घसारा वजा करावा हे तिने मान्य केले. परंतु डोंगर पोखरला, अरण्य तुटले, भूजल आटले, तर त्याचा घसारा धरण्यास तिच्या वहीत रकानाच नव्हता.

गोव्यातील लोहखनिजाची निर्यात दुसऱ्या महायुद्धानंतर वाढीस लागली, ती नेमकी याच काळात. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतील खनिज नद्यांतून बार्जांनी मुरगाव बंदरात येई आणि जपानच्या पोलाद कारखान्यांकडे जाई. पोर्तुगीज अमदानीतील खाणींचे परवाने १९६१ च्या मुक्तीनंतरही चालू राहिले. १९८७ च्या कायद्याने त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाले. टनभर खनिजामागे दोन-तीन टन माती उपसावी लागे. तिचे ढीग पावसात वाहून शेतांत व ओढ्यांत उतरत. हिशेबात मात्र विकलेल्या खनिजाची किंमत तेवढी उत्पन्न म्हणून चढे. जमिनीखालील साठा तेवढ्याने उणा झाला, ही नोंद कोठेच होत नसे.

२०१२ साली राज्य शासनाने व नंतर सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. ट्रकवाले, बार्जवाले, मजूर यांची घरे अडचणीत आली, हे दुःख खरे होते. राज्याच्या उत्पन्नाचा आकडाही खाली आला. येथेच त्या वहीचा दोष उघडा पडतो. खनिज जात होते तेव्हा गोवा श्रीमंत होत आहे असे ती सांगत होती. ते जागच्या जागी राहिले तेव्हा गोवा गरीब झाला असे तीच सांगू लागली.

गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी जो निर्णय झाला, त्यात २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे खाणकाम बेकायदा ठरले आणि वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची मर्यादा आली. त्याहून महत्त्वाचे असे की, विक्रीच्या रकमेचा दहावा भाग एका कायम निधीत ठेवावा, असा आदेश झाला. पुढील पिढ्यांचा हक्क मानण्याची ही भूमिका होती. गावकरीच्या वहीशी परिचय असणाऱ्यास ती नवी वाटणार नाही.

हा विचार इतरत्रही चालू होता. इंडोनेशियाच्या १९७१ ते १९८४ या काळातील हिशेबातून रॉबर्ट रेपेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेल, वने व माती यांची झीज वजा केली, तेव्हा वर्षाला सात टक्क्यांची दिसणारी वाढ चार टक्क्यांवर आली. भारतात पार्थ दासगुप्ता यांच्या समितीने २०१३ मध्ये निसर्गसंपत्तीच्या हिशेबाची रूपरेषा मांडली. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने स्वीकारलेल्या नव्या पद्धतीत निसर्गसाठ्याची घट हा उत्पादनाचा खर्च मानला गेला आहे. तथापि ती वजावट निव्वळ उत्पन्नात दिसते. वृत्तपत्रांत गाजणारा स्थूल उत्पन्नाचा आकडा तिच्यापासून अस्पर्श राहतो.

२०२२ च्या अखेरीस गोव्यात नव्या खाणपट्ट्यांचे लिलाव झाले. खाणी चालाव्यात की न चालाव्यात, याचा निवाडा करणे या लेखाचे प्रयोजन नव्हे. परंतु तो निवाडा ज्या आकड्यांवर व्हावयाचा ते आकडे खरे असले पाहिजेत. आपण शिक्षक मंडळी वर्गात राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा शिकवितो, तेव्हा स्थूल आकड्याशेजारी हा दुसरा आकडाही फळ्यावर लिहावा, आणि बांधाचा खर्च काढल्यावाचून जोण न वाटणाऱ्या त्या जुन्या वहीची गोष्ट मुलांना सांगावी, एवढेच आमचे मागणे आहे.